सुकवलेली पट्टी

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर एक छोटा प्लॅस्टिकचा पेला उपडा बसवलेला असतो. खोकला कधीच बरा झाला होता, बाटलीही फेकून दिली होती. पेला मात्र राहिला होता, संडास घासायच्या ब्रशमागे, भिंतीला चिकटून. रोज सकाळी तो हातात घेताना भिंगच्या अंगावर काटा यायचा. कितीही साबण लावला तरी त्याच्या तळाशी एक पिवळट कड उरायचीच, आणि दुसऱ्या कुणाला दिसली नसती ती कड तिला बरोबर दिसायची. दिसणं हाच तिचा धंदा होता.

भिंग हे नाव तिला गिरणीत पडलं होतं. कापड रंगवायच्या त्या गिरणीत ती रंग जुळवण्याच्या खोलीत कामाला होती. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि आपल्या टाकीतून निघालेला तुकडा दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि सांगायचं, जुळला का नाही. यंत्र होतंच. पण यंत्राने हो म्हटलं आणि भिंगने मान हलवली, तर सगळा माल परत टाकीत जायचा. म्हणून आधी चिडवायला म्हणून ठेवलेलं नाव पुढे आदराने घेतलं जाऊ लागलं, आणि घरीही तेच चिकटलं.

तर रोज सकाळी पेल्यात लघवी धरायची. ती धरताना हातावर थोडी सांडायचीच. कोमट पेला बेसिनच्या कडेवर ठेवायचा, पाकिटातून कागदी पट्टी काढायची, बाणाच्या खुणेपर्यंत बुडवायची आणि बाहेर काढून आडवी ठेवायची. मग पट्टीवरून गुलाबी रंग हळूहळू चढत जायचा. एरवी रंग चढताना बघणं म्हणजे तिचा जीव की प्राण. इथे तोच रंग स्वतःच्या लघवीतून वर सरकताना बघून तिच्या घशाशी यायचं. वरची रेघ नेहमीच गडद उमटते. खालची तिच्याइतकी गडद झाली, की समजायचं स्त्रीबीज सुटायच्या बेतात आहे, आता नवऱ्याला बोलवा.

मूल हवं होतं. दोघांनाही हवं होतं, त्यात खोट नव्हती. रस्त्याने जाताना कुणाचं कडेवरचं पोर दिसलं, की तिच्या हातांना रिकामं रिकामं वाटायचं. पण हवं हवं म्हणून ह्या पट्ट्यांच्या मागे लागल्यापासून एक भलतंच होऊन बसलं होतं. मूल येईना, आणि ज्याच्यापासून ते हवं होतं तो नवराच नकोसा होत चालला होता. हे सांगायचं तरी कुणाला?

पट्टी ती लगेच वाचत नसे. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. न्हाणीघराच्या खिडकीत, शाम्पूच्या बाटलीआड, कागदी रुमालाच्या घडीवर ती पट्टी सुकायला ठेवून कामावर जायची. दुपारी गिरणीतली पाळी संपवून आली की खोलीतल्या टेबलावरचा पांढरा दिवा लावायचा, खाली करडा पुठ्ठा ठेवायचा, आणि गिरणीतल्यासारखी मान तिरकी करून दोन रेघा जुळवायच्या.

गिरणीत तर ह्यावरून रोज एक भांडण ठरलेलं. रंगाऱ्यांचे मास्तर टाकीतून नुकता काढलेला तुकडा मुठीत पिळत धावत यायचे.

"बघ ना गं भिंग, जरा नजर मार ह्याच्यावर. ट्रक उभा आहे बाहेर."

"ओला आहे."

"दमट आहे गं नुसता. ओला कुठे?"

"मास्तर, आंघोळ करून आलेला माणूस आणि कोरडा माणूस सारखा दिसतो का? सुकवून आणा. मग बोलू."

"मला आंघोळ करून आलेला तू कधी बघितलंस?"

पलीकडच्या टेबलावर खसखस पिकली. भिंगने वरसुद्धा बघितलं नाही. "तेच म्हणते मी. बघू नये ते बघायला लावू नका."

मास्तर बडबडत सुकवणीकडे गेले आणि थोड्या वेळाने कोरडा तुकडा घेऊन आले, तेव्हा तो खरोखरच दोन छटा फिका निघाला. "बाई, तू आहेस म्हणून अब्रू आहे," असं म्हणून ते गेले. हे असं व्हायचं, आणि असं झालं की दिवसभर तिला बरं वाटायचं. आपला डोळा चुकत नाही, एवढं एक तरी आपल्याकडे आहे.

घरी मात्र त्या डोळ्याने रेघ जुळली असं सांगितलं, की ती पट्टी आधी पालथी करून ठेवायची. मग फोन करायचा.

नवऱ्याला सगळे थंड्या म्हणत, त्याची आईसुद्धा. तो दुकानांतले फ्रिज आणि शीतखोल्या दुरुस्त करायचा आणि स्वभावानेही तसाच होता, कशाने लवकर तापायचा नाही. सुरुवातीला ह्या फोनची त्यांना मजा वाटायची. ती म्हणायची, "आज." तो म्हणायचा, "तक्रार नोंदवून घेतली आहे, मॅडम. मेकॅनिक निघाला आहे. यंत्र बंद करून ठेवू नका." दोघं फोनवर पोट धरून हसायचे. आता तो नुसतं "येतो" म्हणायचा, आणि मागे कुठेतरी पाना खाली पडल्याचा आवाज यायचा.

तो यायचा तेव्हा सासूबाईंच्या हातात पिशवी असायचीच. सासूबाईंनी उभा जन्म दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढला होता. त्यांना किळस नावाची गोष्ट माहीत नव्हती. "रक्त, पू, ओकाऱ्या, काय नाही धुतलं ह्या हातांनी," असं त्या जेवता जेवता सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "घे गं अजून, लाजू नकोस." त्या जिन्यात उभ्या राहून, शेजारचं दार उघडेल इतक्या मोठ्याने ओरडायच्या, "मी भाजी आणायला जातेय गं! चांगला वेळ लावून येईन! घाई करू नका!"

मग थंड्या मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचा, भांड्यांच्या साबणाने. तरी त्याच्या अंगाला वंगणाचा आणि बंद पडलेल्या फ्रिजच्या रबराचा वास यायचा, कुणाच्या तरी नासलेल्या दुधाचा, आंबलेल्या अन्नाचा. पलंगाच्या कडेला बसून तो मोजे काढायचा. एक मोजा दुसऱ्यात घालून त्यांचा गोळा करायचा आणि तो गोळा नीट बुटात ठेवायचा. त्या गोळ्याकडे बघून भिंगच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीआधी सुटतं तसं.

पुढचं ती छताकडे बघत काढायची. छताचा पांढरा दोन वेगवेगळ्या डब्यांतला होता. दिव्याच्या डावीकडे निळसर, उजवीकडे पिवळसर. रंगाऱ्याने कुणाला कळतंय म्हणून मारून नेलं होतं. तिला कळत होतं. थंड्याची घामेजलेली मान तोंडाजवळ आली की ती तोंड फिरवायची. एकेकाळी ह्याच मानेत नाक खुपसून ती झोपायची, सकाळी उठवलं तरी उठायची नाही. कधी होतं ते?

"झालं," तो म्हणायचा. खाणावळीत बिल आणून ठेवावं तसं.

मग पाय भिंतीवर टेकवून, कमरेखाली उशी घेऊन पडून राहायचं. हा सासूबाईंचा हुकूम. त्या परत यायच्या, पिशवीतली कोथिंबीर कधीच कोमेजलेली असायची, आणि दारातूनच विचारायच्या, "झालं ना? पाय खाली घेऊ नकोस हां इतक्यात. अंडं उकडून देऊ?"

एकदा रेघ जुळली आणि तो बोलावून आणून परत पाठवला, की त्या महिन्यापुरतं सगळं मिटायचं. पेला ब्रशमागे जायचा, पट्ट्यांचं पाकीट कपाटात. रात्री पाठीला पाठ. चुकून पाय लागला तरी दोघं "सॉरी" म्हणायचे. एवढी एक सुटी दोघांनाही मनापासून गोड लागायची. आणि मग एके दिवशी गिरणीच्या संडासात तिला लाल डाग दिसायचा, त्या लालाची नेमकी छटा तिच्या डोक्यात आपोआप यायची, आणि ती कडी लावून तोंडात रुमाल कोंबून रडायची.

असं वर्षभर चाललं असेल. मग एका दुपारी ती घरी आली तर न्हाणीघराच्या खिडकीत पट्टी नव्हती.

सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर चहा, बशीत बिस्किटं. चष्मा कपाळावर, आणि पट्टी बिस्किटांच्या कडेला, बशीतच.

"आई!" भिंगच्या हातातली पर्स खाली पडली. "अहो, लघवीची आहे ती!"

"मग? अत्तराची आहे असं म्हटलं का मी?" सासूबाईंनी पट्टी उचलली, आणि त्याच बोटांनी एक बिस्कीट. "ये, बस. मला एक कोडं पडलंय."

"आधी ती टाका. हात धुवा. ती बिस्किटंपण टाका."

"टाकते गं. किती नाटकं! आधी मला सांग, सकाळी तू खाली उतरलीस आणि मी आत गेले, तेव्हा हिच्यावर एकच रेघ होती. खालची म्हणजे, काय सांगू, नसल्यातच जमा. आता बघते तर ठसठशीत दोन. ही दुसरी आली कुठून?"

भिंगला आधी प्रश्न ऐकूच आला नाही. तिला फक्त एवढं ऐकू आलं होतं, की ही बाई आत गेली आणि हिने बघितलं.

"तुम्ही माझ्या पट्ट्या बघता?"

"रोज बघते. तू सांगत नाहीस, त्या थंड्याला विचारायची सोय नाही. मग मला कळायचं कसं?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. आणि तो पेला नीट धुवत नाहीस तू. सोडा घालत जा. मीच घासते मधून मधून."

ह्याच हातांनी रोजची कणीक मळली जात होती. पण त्याहून वाईट हे होतं, की त्या घरात तिची अशी एवढीशी एक लाजिरवाणी गोष्ट होती, आणि तीही दुसऱ्या कुणीतरी घासून ठेवत होतं.

"तुम्हाला काही वाटतं का हो आई? लाज, शरम, काही?"

"दवाखान्यात बायकांच्या चादरी धुतल्यात मी. लाज तिथेच वाहून गेली मोरीतून." सासूबाई चिडल्या नव्हत्या. त्या अजून पट्टीकडेच बघत होत्या. "आणि हे काही आजचं नाही. दर महिन्याला असंच. मी सकाळी बघते, मनात म्हणते, अजून काही दम नाही हिच्यात. आणि दुपारी तू त्याला फोन करतेस. मला वाटायचं, तुझ्या त्या पांढऱ्या दिव्यात दिसत असेल काहीतरी. तुझा डोळा मोठा. मला काय कळतंय?"

भिंगने त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली.

ती खोलीत गेली. कपाटातून पाकीट काढलं, त्यातला माहितीचा कागद उलगडला. शोधावं लागलं नाही. ती ओळ कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, कारण तिने ती पहिल्याच दिवशी वाचली होती. ठरावीक मिनिटांच्या आत निकाल वाचावा. त्यानंतर पट्टी सुकताना रेघ गडद होऊ शकते, तो निकाल धरू नये. तेव्हा ती हसली होती. ज्यांना रंग कळत नाही त्यांच्यासाठी लिहिलंय हे, असं थंड्याला म्हणालीही होती. सगळ्या जगात ओला रंग खोटं बोलतो, आणि हे लोक सांगतायत ओलाच बघा!

तिने तिथल्या तिथे नवीन पट्टी घेतली, न्हाणीघरात गेली, आणि ह्या वेळी उभी राहिली. खालची रेघ फिकी. फिकी म्हणजे इतकी, की मास्तरांनी असा तुकडा आणला असता तर तिने तो तोंडावर फेकला असता. ती पट्टी समोर ठेवून तिने भांडी घासली, ओटा पुसला, कपडे वाळत घातले, आणि मधून मधून येऊन बघत राहिली. रेघ सुकत गेली तशी काळवंडत गेली. तिच्या डोळ्यांदेखत.

मग तिला सगळं उलगडलं आणि ती मोरीच्या कडेवर बसली. सुकलेली रेघ आपली आधीच गडद व्हायची, खऱ्याच्या कितीतरी दिवस आधी. मग फोन, मग मोजे, मग छत. आणि मग सुटी. ज्या दिवसांत खरंच काही झालं असतं, बरोबर त्याच दिवसांत ते दोघं पाठीला पाठ लावून पडायचे, पाय लागला तर सॉरी म्हणायचे आणि सुटलो म्हणून मनातल्या मनात खूश असायचे. तिला स्वतःच्या डोळ्यांची किळस आली. दोन्ही डोळे काढून त्या पेल्यात टाकावेत असं वाटलं.

त्या दिवशी तिने फोन केला नाही. थंड्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी आला. बाहेर सासूबाईंनी टीव्ही लावला होता, पण आवाज मुद्दाम कमी ठेवला होता, म्हणजे कान खोलीकडे होते. भिंगने दार लोटलं आणि टेबलावरच्या दोन पट्ट्या दाखवून त्याला सांगितलं. त्याने पट्ट्यांना हात लावला नाही.

"म्हणजे आज नाही?"

"आज नाही. आणि आजवर कधीच नव्हतं."

त्याला कळायला वेळ लागला. "म्हणजे मी जितक्या वेळा आलो..."

"हो."

"उगाच?"

"उगाच."

तो हसला. हसू संपलं, तरी तोंड तसंच उघडं राहिलं. मग तो पलंगावर बसला. "तुला माहितीये? मी आल्या आल्या वर यायचो नाही. खाली गाडीत बसून राहायचो. जिना चढवायचा नाही."

"का?"

"का म्हणजे? वर येऊन तुझं ते तोंड बघायचं. दात काढून घ्यायला बसल्यासारखं. डोळे वर, दात आवळलेले. मला वाटायचं, मी हिला काय करतोय?"

"आणि तुझे मोजे?"

"मोज्यांचं काय?"

"एकात एक घालून गोळा करायचास. दर वेळी. मला शिसारी यायची त्याची. वाटायचं, हा आता जेवायला बसणार आहे की काय."

"तेवढाच वेळ मिळायचा गं," तो म्हणाला. "सुरू करायच्या आधी."

बाहेर टीव्हीवर कुणीतरी गाडीची जाहिरात करत होतं. भिंगने नखाने टेबलावरचा एक डाग खरवडला.

"माझी किळस यायची तुला?"

त्याने तळहातावरचं वंगण चोळलं. "परिस्थितीची यायची."

"थंड्या."

"यायची. हो. तुझी पण यायची."

"मला पण," ती म्हणाली. "तुझी."

ती रागाने म्हणाली नव्हती, त्यालाही राग आला नाही. बोलून टाकणं इतकं सोपं गेलं, ह्याचीच तिला भीती वाटली. भांडण झालं असतं तर समजूत काढता आली असती. हे तर दोघांनी मिळून सही करून टाकल्यासारखं झालं.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता ओली असतानाच बघायची. खरी येईपर्यंत."

"आणि खरी आली की फोन."

"मग काय करू? पत्र पाठवू?"

तो उठला, खिडकी उघडली, आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

पुढचे दिवस आणखी वाईट गेले. आधी पट्टी ठेवून पळता तरी यायचं. आता त्या वासात, त्या पेल्यासमोर, रेघ उमटेपर्यंत उभं राहावं लागे. दाराबाहेर सासूबाईंच्या चपला फिरत. "काय गं?" "काही नाही." "मला दाखव." "नाही दाखवणार." रोज फिकी रेघ. रोज तिला वाटे, नाहीच यायची खरी, आपण अशाच ह्या चौकोनात उभ्या राहून म्हाताऱ्या होणार.

आणि मग सुटीच्या दिवशी सकाळी ती आली. पट्टी अजून टपकत होती, तेवढ्यात खालची रेघ वरच्या रेघेच्या पुढे गेली. जाड, गडद, उद्धट. न्हाणीघरातल्या त्या पिवळ्या मरतुकड्या दिव्यातही कुणालाही दिसली असती, त्याला भिंग लागत नव्हतं. अशी रेघ तिने आजवर एकदाही पाहिली नव्हती.

दार उघडलं तर सासूबाई समोर. त्यांनी पट्टी नाही, सुनेचं तोंड वाचलं. "आली ना? बघ! मी निघते." हात खुंटीवरच्या पिशवीकडे.

"आई, बसा."

"अगं पण..."

"त्या पिशवीला आज हात लावलात ना, तर मीच घर सोडून जाईन."

सासूबाई बसल्या. हात मांडीवर ठेवून, शाळेत बसवल्यासारख्या. "बरं बाई. टीव्ही लावलेला चालेल का, का तोही नको?"

"लावा. मोठ्याने लावा."

थंड्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत होता. एका खाटकाची शीतखोली बंद पडली होती आणि खाटीक सकाळपासून फोनवर फोन करत होता. भिंगने पट्टी त्याच्यासमोर धरली. ह्या वेळी त्याने ती घेतली, कोरड्या टोकाला धरून.

"ही खरी?"

"ही खरी."

त्याने मान डोलावली. तो खाली वाकला आणि बांधलेली नाडी सोडायला लागला. इंजेक्शन घ्यायला बसलेल्या माणसासारखी त्याची पाठ गोल झाली होती. भिंग त्या पाठीकडे बघत राहिली. आत्ता गप्प बसले तर होऊन जाईल, तिला वाटलं. मूलही होईल कदाचित. आणि ते ह्या पाठीचं होईल, आणि माझ्या त्या तोंडाचं.

"राहू दे," ती म्हणाली. "काढू नकोस बूट."

"अगं, आजच ना?"

"आज आहे, उद्याही आहे. आत्ता राहू दे. मी येते तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"खाटकाकडे. इथे कुठे बसू, आईंच्या शेजारी? मला उकडलेलं अंडं खाऊ घालतील."

खाटकाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला शीतखोलीचं जाड दार होतं. खाटीक नाकाला फडकं बांधून उभा होता. "कालपासून बंद आहे. मी उघडलं नाही, म्हटलं थंडावा जाईल," तो म्हणाला. थंड्याने कडी ओढली.

वास आला असं म्हणता येणार नाही. कुणीतरी तोंडावर ओला कपडा मारावा तसं काहीतरी आदळलं. आत आकड्यांना लटकलेलं मांस हिरवट करडं झालं होतं. त्या छटेला गिरणीत नंबर होता, आणि आता तो नंबर आयुष्यभर नाकाशी दरवळणार, हे तिला कळून चुकलं. फरशीवर काहीतरी गुलाबी, चिकट साचलं होतं. थंड्या आत शिरला. "बॅटरी धर," तो नाक दाबून म्हणाला, आणि त्या चिकट फरशीवर चक्क पोटावर पडून यंत्राखाली हात घातला. भिंगने बॅटरी धरली. थोडा वेळ धरली. मग बॅटरी खाली ठेवून बाहेर धावली आणि गटाराशी बसून सगळं ओकली.

मागोमाग थंड्या आला आणि तिच्याशेजारीच वाकला. त्याचंही तेच झालं.

"मेकॅनिकसाहेब," खाटीक फडक्यातून कळवळून म्हणाला, "तुम्हीच ओकायला लागलात तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

थंड्याला हसू फुटलं. ओकता ओकताच तो हसला, नाकातून पाणी आलं, आणि त्याचं ते रूप बघून भिंगलाही हसू आवरेना. पुन्हा उमासा आला. त्याने तिचे केस मागे धरले. उमासा ओसरल्यावर त्याने तिची हनुवटी हाताने पुसली. नुसत्या हाताने. मग तो हात पॅंटला पुसून परत आत गेला, जणू कपाळावरचा घाम निपटला.

यंत्र सुरू व्हायला दुपार झाली. पंखा घरघरला तसा खाटीक टाळ्या वाजवायचाच बाकी राहिला. गाडीच्या सगळ्या काचा खाली करून ते दोघं निघाले. वास सोबत होता, केसांत, कपड्यांत, जिभेवर.

"तुझ्या अंगाला घाण मारतेय," ती म्हणाली.

"तुझ्यापण."

चौकात गाडी थांबली. भिंगने हात पुढे केला आणि त्याच्या मानेवर ठेवला. मान घामाने चिकट होती, त्यावर त्या खोलीतलं काहीतरी वाळून बसलं होतं. ती वाट बघत राहिली, आता आपला हात आपोआप मागे येईल म्हणून. किळस आली. चांगली पोटातून आली. पण ती मांसाची होती. खाली त्याची मान होती, आणि ती तिला ओळखीची वाटली.

"उद्या मी फोन करणार नाही," ती म्हणाली.

"मग मला कळणार कसं?"

"तुला माहितीच आहे ना, आज आणि उद्या. वाटलं तर ये. आपणहून."

"आणि नाही वाटलं तर?"

पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून एक पोर तिच्याकडे बघून जीभ काढत होतं. तिच्या हातांना ते नेहमीचं रिकामं वाटणं आलं, आणि गेलं नाही.

"तर नाही," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू. पण बूट काढताना केलीस तशी पाठ परत नको करूस."

मागून हॉर्न वाजला. थंड्याने गाडी पुढे घेतली. तिचा हात मानेवरून खाली सरकू नये म्हणून तो ताठ बसून, रस्त्याकडे बघत, फार सावकाश गाडी चालवत राहिला.